वरची गाडी आणि खालचा कापूस

यंदाही दारव्हा रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला. बाभळीला कधी कापूस लागतो का, असं परगावचा माणूस विचारील; पण आमच्याकडे लागतो. कापसाच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी इतक्या फुगवून भरलेल्या असतात की रस्त्याकडेच्या झाडांना घासल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नाही, आणि प्रत्येक फांदी आपापला वाटा काढून घेते. दिवाळीनंतर महिनाभरात बाभळी पांढऱ्या होतात. विजेच्या तारांवर, मंडपाच्या दोऱ्यांवर, एसटीच्या खिडक्यांना रुईचे पुंजके डुलत असतात. लोकांना ते बघून बरं वाटतं. मला मात्र पहिला पुंजका दिसला की हात आपोआप फडकं शोधायला लागतो.

परवा एसटीतून उतरताना माझ्या बाहीला एक पुंजका चिकटला. मी तो चिमटीत धरला, नाकाशी नेला. जळका वास नव्हता. तेव्हा कुठे सोडून दिला. शेजारची बाई माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत होती. मी तिला काय सांगणार होते? एका गाडीमुळे मला ही खोड लागली, आणि ती गाडी आता भंगारातसुद्धा शिल्लक नाही.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना एका जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, लागून तिच्या मालकाने हौसेने पार्क काढला होता. कापसाची चांगली वर्षं होती तेव्हाची गोष्ट. माणसाच्या हातात हंगाम आला की त्याला काहीतरी उभारावंसं वाटतं. कुणी मजला चढवतं, कुणी लग्नात हत्ती आणतं, यांनी पार्क काढला. पाळणे, पाण्याची घसरगुंडी, मान हलवणारा एक राक्षसी सरडा, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून फिरणारी मोनोरेल. खांबांवर उभा केलेला एकच जाड लोखंडी रूळ आणि त्यावर मांड टाकून बसलेले तीन निळे डबे. मोनोरेल हा शब्द फक्त तिकिटावर राहिला. लोक तिला वरची गाडी म्हणत. पार्काला एक फेरी मारायची, पलीकडच्या नाल्यावरून मोठं वळण घ्यायची आणि परत यायची. वळणावरून जिनिंगचं पटांगण दिसायचं, कापसाचे ढीग दिसायचे, ढिगांवर नाचणारी माणसं दिसायची.

गाडी नवी नव्हती. दुसऱ्या कुठल्याशा राज्यातला पार्क बंद पडला, तिथून ती उचलून आणली होती. तिची कंपनीही बुडालेली. त्यामुळे एखादा भाग गेला की तो कुठेच मिळायचा नाही. यवतमाळच्या लेथवर घडवून आणायचा, नाहीतर जिनिंगच्या जुन्या मोटरीतून काढून घासून-कापून बसवायचा. मी तिथे कामाला लागले तेव्हा तिच्या अंगावर मूळचे भाग किती उरले होते, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केला होता. वर्गात मुलगी एकटीच. घरी आई आणि मी दोघीच, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. आई लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची, आणि तिच्या टोळीतल्या बायकांना माझं हे शिक्षण म्हणजे एक करमणूक होती. "पोरगी खांबावर चढते म्हन्ते वो!" एकजण म्हणायची. "चढू दे न, जवाई खालून शिडी धरीन," दुसरी म्हणायची. आई हसायची नाही आणि चिडायचीही नाही. ती ओच्यातला कापूस खाली ओतायची आणि पुन्हा ओळीला लागायची. माझी नोकरी पक्की झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुह्या हातात काय राह्यते तिथं?" मी म्हटलं, पूर्ण गाडी. तिला ते खरं वाटलं की नाही, कुणास ठाऊक.

पूर्ण गाडी माझ्या हातात होती, हे मात्र अर्धंच खरं होतं. उरलेली अर्धी करीमचाचांच्या कानात होती. करीमचाचा जिनिंगचे जुने फिटर. पार्क झाल्यावर मालकाने त्यांना वरच्या गाडीची देखभालही सोपवली. लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते मशीनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग सांगायचे, "पुढचं चाक रडून राह्यलं पोरी, तेल पाज त्याले."

आणि जिनिंगची एक रीत त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली. मशीन फिरवून थांबवलं की बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवायचा आणि मोठ्याने मोजायचं. मोठ्याने, म्हणजे सोबतच्याला ऐकू जावं. "दहापर्यंत हात टिकला तं चालव. सातवर उचलला तं तेल दे, थंडं होऊ दे. पाचवर उचलला तं बंद. मंग मालक येवो का मालकाचा बाप येवो." त्यांनी स्वतःचे तळहात माझ्यासमोर धरले. चामडं जाड, काळं, भेगाळलेलं. "माहे हात आता मेले. गरम-थंडं काही समजत नाई. कान चालतात अजून. आता हात तुहा." त्या दिवशी मला याचा अभिमान वाटला होता. आज आठवलं की त्या वाक्याचं ओझं कळतं.

गाडीचं मुख्य दुखणं रुई. रुळाच्या कडेने तांब्याची पट्टी गेली होती. गाडीच्या पोटातले कार्बनचे तुकडे तिला घासत जायचे आणि वीज घ्यायचे. शेजारी जिनिंग, म्हणजे हवेत चोवीस तास रुई. ती पट्टीवर बसायची, ग्रीसला चिकटायची, कार्बनमध्ये अडकायची. तडतड ठिणग्या उडायच्या, आणि गाडी फेरीच्या मधोमध उभी. मी रोज सकाळी लांब बांबूला फडकं बांधून खालून पूर्ण फेरीची पट्टी पुसायची, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा पांढरी. कापसाच्या गठाणीत एकदा ठिणगी गेली की ती वरून दिसत नाही, आत चार-चार दिवस धुमसत राहते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून मी सतत वास घेत असायची. हंगामभर माझं नाक वर असायचं. आई म्हणायची, "कुत्र्यावानी काय हुंगतं?"

गाडी अडकली तर माणसं उतरवायची एक सोपी युक्ती चाचांनी काढली होती. शिडी होती, पण वळणावर जमीन खोल असल्याने ती चार हात कमी पडायची. मग जिनिंगमधून कापसाने भरलेली ट्रॉली आणायची, डब्याच्या दाराखाली लावायची, आणि लोकांनी सरळ कापसात उतरायचं. कंबरेपर्यंत रुतायचं, पांढरं होऊन बाहेर यायचं. लोकांना याचीच मजा वाटायला लागली. कॉलेजची पोरं तिकीट काढताना विचारायची, "ताई, आज बंद पडते का?" पुसदकडचं एक नवीन जोडपं तर, गाडी नीट परत आली म्हणून नाराज होऊन गेलं. मीही हसायची. खाली कापूस असला की वर काही झालं तरी फार वाईट होणार नाही, अशी एक खात्री होती. मी ती खात्री गाडीची समजत होते, पण ती कापसाची होती.

मग तो हंगाम आला.

त्या वर्षी पाऊस मध्येच निघून गेला. राहिलेल्या बोंडांत अळी शिरली, आणि त्यातूनही जे हाती आलं त्याला कुणी विचारीना. दसरा झाला, दिवाळी झाली, जिनिंगचा भोंगा वाजला नाही. झरी जामणीच्या बाजूने येणाऱ्या ट्रॉल्या आल्या नाहीत. मुकुटबनचा एक ड्रायव्हर दर वर्षी मला चिंचा आणून द्यायचा, तोही आला नाही. पटांगणात ढिगांच्या जागी गवत वाढलं. बाभळी त्या वर्षी हिरव्याच राहिल्या, आणि हिरवी बाभूळ इतकी भकास दिसते हे मला तेव्हा कळलं. गावोगावी लोक हळू आवाजात बोलायचे. कुणाच्या दारासमोर चारचौघं उभी दिसली की इथेही कुणी जीव दिला की काय, असं वाटायचं. जवळ जाऊन, ती नुसतीच गप्पा मारत उभी आहेत हे बघितल्यावरच मी पुढे जायची. आईच्या टोळीला आठवड्यातून दोन दिवस काम मिळालं तरी पुष्कळ.

आणि खरं सांगायचं तर, या सगळ्यात मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. रुई नाही म्हणजे गाडीला त्रास नाही. बांबूचं फडकं दिवसभर कोरं राहायचं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, गाडी एकदाही अडकली नाही. एवढ्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना मी माझ्या पट्टीची चमक बघून खूश होते. त्याची लाज अजून वाटते.

पौषात तो आवाज सुरू झाला. कट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कट्. पुढच्या चाकातून, आणि नेमका वळण जवळ आलं की. जिनिंग चालू असताना तो असला तरी ऐकू आला नसता. तिच्या धडधडीत पार्कातले लोक एकमेकांशी ओरडून बोलायचे, तिथे एका म्हाताऱ्या चाकाचं कोण ऐकणार? आता सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत मला रोज तो स्पष्ट ऐकू येऊ लागला. चाचांनी मूठ कानाला लावली. बराच वेळ डोळे उघडले नाहीत. "इतके दिवस आपन कापसाले शिव्या देल्ल्या," ते म्हणाले. "कापसाचा काही कसूर नोयता. गाडीच बुड्ढी झाली."

मला तेव्हा आणखी एक गोष्ट सुचली आणि झोपताना, उठताना, जेवताना ती पाठ सोडीना. आता ही बंद पडली तर खाली ट्रॉलीत काय असेल? कापूस नव्हता. भिंतीपलीकडच्या पटांगणात रिकामी ट्रॉली उभी होती, तिचा लोखंडी तळ उन्हात तापत होता. मी मनात रोज माणसं उतरवून बघायची. एखादी म्हातारी, एखादं कडेवरचं पोर. प्रत्येक वेळी शेवटचे चार हात उरायचे.

मालकाला सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता. स्वतःच चिंतेने वाळला होता. तो म्हणाला, एवढा हंगाम काढा, शिमग्यापर्यंत, मग बघू. मग बघू याचा अर्थ गाडी कायमची बंद, हे चाचांना आणि मला कळलं. तिकीट खिडकीशेजारी एक पाटी टांगलेली असायची. एका बाजूला 'गाडी चालू आहे', दुसऱ्या बाजूला 'गाडी बंद आहे'. रोज सकाळी रिकामी गाडी दोन फेऱ्या फिरवायची, हात ठेवून मोजायचं, आणि मग मी ती पाटी फिरवायची. त्या दिवसांत कधी सात यायचे, कधी आठ. तेल द्यायचं, तासभर थांबायचं, पुन्हा मोजायचं. दहा आले की पाटी फिरवायची. गाडी सुटून परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. वर बसलेले लोक निवांत असायचे, ही त्यातली गंमत.

शिमग्याआधीच्या रविवारी आई आली.

चार वर्षांत ती एकदाही आली नव्हती. त्या दिवशी तिची सगळी टोळीच आली, चौदा जणी. जवळच्या एका शेतातली फरदड त्या वेचून आल्या होत्या. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडावर राहिलेला शेवटचा, डागाळलेला कापूस. त्या वर्षी शेतकऱ्याने तो वेचून घ्यायचाही नाद सोडला आणि बायकांनाच देऊन टाकला. गाद्या-उशांना होईल म्हणून. प्रत्येकीच्या डोक्यावर एक गाठोडं. जीप पार्काच्या फाटकासमोरच थांबायची, आणि जीपला वेळ होता. "चाल, पोरीची गाडी तं पाहू," असं कुणीतरी म्हणालं म्हणे. पार्कात त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. बर्फाच्या गोळ्याची गाडी घेऊन एकजण आणि फाटकावरचा चौकीदार, बस्स. मी पाहिलं तर कठड्यापलीकडे चौदा गाठोडी आणि मधोमध आई. तिने अंगावरची रुई झटकली होती, पदर नीट केला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, गाडीकडे बघत होती.

मी नुकत्याच दोन फेऱ्या फिरवल्या होत्या. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि मान हलवली. "आवाज मले आवडून नाई राह्यला. हात ठेव."

मी हात ठेवला.

एक, दोन, तीन. गरम होतं. चार, पाच. चांगलंच गरम होतं. कठड्यापलीकडून कुणीतरी म्हणालं, "पाह्य वो, कशी मोजते!" सहा-सात-आठ-नऊ-दहा. मी हात काढून ओढणीत लपवला. तळवा लाल झाला होता.

"किती?" चाचांनी विचारलं.

"दहा."

"आज राहू देऊ पोरी. सबब सांगू, लाइट गेली म्हनू."

"दहा झाले न चाचा."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्यांचे हात मेले होते, त्यांना माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी पाटी फिरवली.

गाठोडी बायकांनी वळणाच्या अलीकडे, सावलीत ठेवली. डब्यात चढताना आईने सुनीताला थांबवलं. सुनीता टोळीतली सगळ्यांत लहान, तिला सहावा महिना होता. "तू राह्य खाली. गाठोड्यायपाशी बस," आई म्हणाली. सुनीता हिरमुसली. "मावशी, गाठोडे कोन नेते वो इथून?" आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि स्वतः पुढच्या डब्यात जाऊन बसली. मला जरा रागच आला. फरदडीसाठी त्या पोरीची एवढी हौस मोडायची?

मी खटका दाबला. गाडी निघाली. बायका ओरडल्या, हसल्या, एकीने डोळे गच्च मिटले, एकीने खाली गोळेवाल्याला टाटा केला. आई पुढच्या खिडकीत होती. खाली पसरलेला सगळा मुलूख सोडून ती मान वळवून माझ्याकडे बघत होती, आणि गाडी सरड्याच्या मागे जाईपर्यंत बघत राहिली. मला वाटलं, तिला अभिमान वाटतो आहे. त्या क्षणी मला जगातलं सगळं मिळालं होतं.

कट्. मग पुन्हा कट्. मग कट् कट् कट्, आणि मग लोखंड ओरडल्यासारखा एक लांब आवाज. गाडी नाल्यावरच्या वळणावर थांबली, आणि वाऱ्याबरोबर वास आला. ग्रीस जळाल्याचा. पुढच्या डब्याखालून पातळ, निळसर धूर निघत होता.

मी वीज तोडली आणि पळत सुटले. चाचा माझ्याआधी भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेले होते, ट्रॉलीकडे. चौकीदार आला, गोळेवाला गाडी टाकून आला. चौघांनी ट्रॉली ढकलली. वरून बायका हाका मारत होत्या, पहिल्यांदा चेष्टेने आणि मग वेगळ्या आवाजात. ट्रॉली दाराखाली लागली. रिकामी. लोखंडी तळ, आणि वर ते दार, आणि मधलं अंतर. गोळेवाला शिडी घेऊन ट्रॉलीत चढला, पण त्या गुळगुळीत तळावर शिडी टेकली की सरकायची. मी रोज मनात जे बघत होते ते डोळ्यांसमोर होतं, आणि वर माझी आई होती.

तेवढ्यात धप् असा आवाज झाला. सुनीताने एक गाठोडं ट्रॉलीत फेकलं होतं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती दुसरं आणायला वळलीसुद्धा. "तू नको उचलू!" चाचा ओरडले. मग आम्हीच धावलो. चौदा गाठोडी. अर्धीमुर्धी, फरदडीची, पण चौदा. चाचांनी आयुष्यभर गठाणींच्या थप्प्या लावल्या होत्या. खाली सहा, वर पाच, वर तीन, भिंत रचावी तशी त्यांनी थप्पी रचली. शेवटचे चार हात भरून निघाले.

एकेक बाई दारातून पाय सोडून थप्पीवर उतरली, थप्पीवरून घसरत आमच्या हातांत आली. एक गाठोडं फुटलं आणि सगळ्याजणी पांढऱ्या झाल्या. धूर वाढला नाही, पण थांबलाही नाही. आई सगळ्यांत शेवटी दारात आली. मी खाली हात पसरून उभी होते, आणि मला रडू फुटलं होतं. ती वरून म्हणाली, "घाबरू नोको. आली मी." आणि उतरली.

जमिनीवर टेकल्यावर एक म्हातारी हसायला लागली. "बाप्पा! जिनगीभर कापूस डोक्श्यावर वाह्यला, आज त्याच्यावर बसाले भेटलं!" मग सगळ्याच हसल्या, भीती उतरल्यावर माणसं हसतात तशा, थांबता न येणारं. आई हसली नाही. तिने माझा उजवा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला, आणि सोडून दिला.

मी पाटी फिरवली. ती पुन्हा कधी फिरवावी लागली नाही. शिमग्यानंतर पार्काला कुलूप लागलं. डबे गेले, रूळ गेला, चाचाही काही वर्षांनी गेले. त्या दिवशी परतताना जीपमध्ये आई माझ्या केसांतली रुई वेचत होती. एकेक तंतू, शेतात वेचते तशी. मला वाटत होतं, आता विचारेल. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, ते वाक्यही मी तयार ठेवलं होतं. तिने विचारलं नाही.

आता मी यवतमाळात एका दवाखान्याच्या दोन लिफ्ट सांभाळते. त्या नव्या आहेत. त्यांना हात लावून बघायची गरज नसते, पडद्यावर आकडे दिसतात. तरी मी रोज सकाळी वर जाते, मोटरीवर तळवा ठेवते आणि मोजते. इतकं सावकाश मोजते की सोबतचा तंत्रज्ञ घड्याळाकडे बघतो. स्ट्रेचरवरचा माणूस आत गेला आणि दार मिटलं की मी मजल्यांचे दिवे बघत उभी राहते. कधीकधी मला वाटतं, काळजी हा माझा स्वभाव नाही, ती मी भोगत असलेली शिक्षा आहे. आणि ज्या शिक्षेचा गुन्हा कुणाला सांगितलेला नसतो, ती संपायची कशी?

मागच्या रविवारी आईला घेऊन तिच्या बहिणीच्या घरी, म्हणजे माझ्या मावशीकडे, दारव्ह्याला चालले होते. आई आता थकली आहे. वेचणी सुटून बरीच वर्षं झाली. पार्काच्या जागेजवळ आली तसं तिने ऑटो थांबवायला लावला. खांब अजून उभे आहेत, बिनरुळाचे, मधून तूर पिवळी झालेली. जिनिंग दुसऱ्या कुणी घेतली आहे, भोंगा वाजतो, ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. हवेत रुई होती. आई एका खांबाला हात लावून उभी राहिली, आणि मला एकाएकी ते सगळं असह्य झालं.

"माय," मी म्हटलं, "त्या दिवशी मले मालूम होतं. गाडी चालवाले नोको होती. मी खोटं बोलली."

ती वळली नाही. "मलेबी मालूम होतं."

"तुले कसं?"

"दहाची रीत तूच घरी सांगत होती. अन् तू मोठ्यानं मोजत होती न. पाचपरेंत बराबर मोजलं. मंग भलतेच जल्दी मोजले." तिने खांबावरची रुई बोटाने काढली. "अन् हात लपवला. सुनीतेले मी खाली कायले बसवली मंग?"

तिला ते सहा-सात-आठ ऐकू आलं होतं. ऐकून ती चढली होती. खिडकीतून ती माझ्याकडे बघत होती, त्याचा मी इतकी वर्षं भलताच अर्थ लावला होता.

"मंग तू काहून बसली?" मी विचारलं.

"मी नसती बसली तं कोनीच नसतं बसलं," आई म्हणाली. "सगळ्याइले समजलं असतं, तुहे दहा खोटे होते म्हनून. आन् त्या बाराजनी माह्या भरोशावर चढल्या. माहंही चुकलंच न."

मग तिने हात पुढे केला. मी माझा तिच्या हातात दिला. तिचे तळवेही आता चाचांसारखे झाले आहेत, बोंडांच्या काट्यांनी जाड, भेगाळलेले. तिने माझा हात त्या उन्हात तापलेल्या खांबावर ठेवला आणि वरून आपला दाबून धरला.

"मोज," ती म्हणाली. "आता घाई नाई."

मी एकपासून सुरुवात केली, मोठ्याने. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.